डोळे नसलेला तपासनीस: ॲपियम मोबाईल ॲप कसं तपासतं?

समजा, तुम्ही एक छोटं ॲप बनवलं आहे. परदेशात बसून गावाकडच्या घरासाठी किराणा मागवायचा, पैसे भरायचे, आणि तिथल्या दुकानदाराने सामान घरपोच करायचं, एवढंच त्याचं काम. लॉगिनपासून पावतीपर्यंत ४० पायऱ्या आहेत. ॲप मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा ३ भाषांत आहे. शिवाय ४ वेगवेगळ्या आकारांच्या फोनवर आणि अँड्रॉइडच्या ३ आवृत्त्यांवर ते नीट चालायला हवं.

आता हिशेब करू. ३ × ४ × ३ म्हणजे ३६ जोड्या. प्रत्येक जोडीत ४० पायऱ्या, म्हणजे एकूण १,४४० तपासण्या. एका पायरीला अर्धा मिनिट धरला तरी १२ तास झाले. पुढच्या आठवड्यात तुम्ही कोडमधली एक ओळ बदललीत, की हे १२ तास पुन्हा पहिल्यापासून! पहिल्या तासाला माणूस बारकाईने बघतो, पाचव्या तासाला बोट आपोआप चालतं आणि डोळा भलतीकडे असतो. असं कंटाळवाणं, पुन्हा पुन्हा करायचं काम यंत्राला द्यावं हे ओघानं आलंच.

पण द्यायचं कसं? कोडच्या आतलं गणित तपासणं सोपं असतं. फंक्शनला २ आणि ३ द्या, उत्तर ५ येतं का बघा. ‘पैसे भरा’ हे बटण दाबल्यावर पावती दिसते का, हे तपासायला मात्र कुणीतरी ते बटण दाबावं लागतं. यंत्राकडे बोट नाही. आणि बोट मिळालं तरी बटण कुठे आहे हे कळायला त्याच्याकडे डोळे नाहीत. या अडचणीवर निघालेला एक सर्वपरिचित उपाय म्हणजे ॲपियम हे मुक्त स्रोत साधन. ते काम कसं करतं हे या लेखात पाहू. जाता जाता आपल्याला असंही दिसेल की हे यंत्र ज्या वाटेने चालतं, ती मुळात दुसऱ्याच कुणासाठी बांधलेली आहे.

बटण शोधायचे तीन मार्ग

पहिला मार्ग म्हणजे जागा पाठ करणं. ‘डावीकडून ५४० आणि वरून १,२७२ बिंदूंवर टिचकी मार’ अशी आज्ञा द्यायची. हे एका फोनवर चालतं. फोन बदलला, अक्षरांचा आकार वाढवला किंवा वरती एखादी जाहिरात आली, की बटण खाली सरकतं आणि टिचकी रिकाम्या जागेवर पडते.

दुसरा मार्ग म्हणजे चित्र ओळखणं. स्क्रीनचा फोटो घ्यायचा आणि त्यात बटणाचं चित्र शोधायचं. हे माणसासारखं वाटतं, पण काळ्या पार्श्वभूमीचा पर्याय निवडला किंवा फाँट बदलला की जुळवणी फसते. शिवाय प्रत्येक पायरीला चित्र तपासत बसणं वेळखाऊ आहे.

तिसरा मार्ग सगळ्यात सरळ आहे: फोनलाच विचारायचं. स्क्रीनवर जे काही दिसतं त्याची एक यादी ऑपरेटिंग सिस्टिमकडून मिळू शकते. ही यादी झाडासारखी फांद्याफांद्यांची असते. आपल्या किराणा ॲपचा एक पडदा त्या झाडात साधारण असा दिसेल:

• पडदा: खरेदी
• त्याच्या आत, मजकूर: ‘एकूण ४५० रुपये’
• त्याच्या आत, बटण: ‘पैसे भरा’, दाबता येतं: हो, चौकोन: डावी कड ८४, वरची १,२००, उजवी ९९६, खालची १,३४४
• त्याच्या आत, चित्राचं बटण: नाव नाही, दाबता येतं: हो

शेवटची ओळ लक्षात ठेवा. कचऱ्याच्या डब्याचं चित्र असलेलं हे बटण आहे, यादीतली वस्तू काढून टाकण्यासाठी. डोळ्यांना ते लगेच कळतं. झाडात मात्र त्याला नावच नाही.

हे झाड कुणासाठी बनवलं? चाचणी करणाऱ्यांसाठी नव्हे. ज्यांना स्क्रीन दिसत नाही त्यांच्यासाठी. २००९ मध्ये आयफोन ३जीएसबरोबर व्हॉइसओव्हर आलं, आणि त्याच वर्षी अँड्रॉइडवर टॉकबॅक आलं. दोन्ही साधनं स्क्रीनवरच्या गोष्टी वाचून दाखवतात. वाचायचं काय, हे त्यांना ॲपने सांगावं लागतं, आणि ते सांगण्याची जागा म्हणजे हे झाड. याला सुगम्यतेचं झाड म्हणू. दृष्टिहीन माणसाला ‘पैसे भरा, बटण’ असं ऐकू येतं ते या झाडामुळे, आणि चाचणी करणाऱ्या यंत्राला बटण सापडतं तेही बहुतांशी याच झाडामुळे.

सेलेनियमपासून ॲपियमपर्यंत

ॲपियमचं मूळ वेब ब्राउझरच्या चाचण्यांत आहे. २००४ मध्ये शिकागोत थॉटवर्क्स या कंपनीत काम करणाऱ्या जेसन हगिन्सने ब्राउझर आपोआप चालवणारं एक साधन लिहिलं आणि त्याचं नाव ठेवलं सेलेनियम. त्या काळी चाचणीची महागडी साधनं विकणारी एक मोठी कंपनी होती, मर्क्युरी इंटरॲक्टिव्ह. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम हा उतारा मानतात. थट्टेत ठेवलेलं ते नाव पुढे जगभर झालं.

२०११ मध्ये झूस्क या कंपनीत चाचणी विभाग सांभाळणाऱ्या डॅन क्युएलरला आयफोन ॲपच्या चाचण्या हाताने करत बसणं परवडेना. ॲपलने दिलेल्या साधनात एक मोठी गैरसोय होती. आधी लिहून ठेवलेली चाचणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात चालायची. बाहेरून एकेक आज्ञा देऊन ‘आता हे दाब, आता काय दिसतं ते सांग’ असा संवाद करता येत नसे. पण त्या साधनाला संगणकावरची एखादी साधी कमांड चालवण्याची मुभा होती. क्युएलरने तिचा फायदा घेतला. त्याने चाचणीच्या नावाखाली न संपणारा एक फेरा लिहिला: पुढची आज्ञा आली आहे का बघ, आली असेल तर पाळ, उत्तर लिहून ठेव, पुन्हा बघ. पेटीत चिठ्ठी टाकावी आणि आतल्या माणसाने ती वाचून काम करावं, तसा हा प्रकार. एकतर्फी साधन अशा रीतीने बोलकं झालं.

२०१२ मध्ये लंडनच्या सेलेनियम परिषदेत त्याने हे दाखवलं. पुढे हगिन्सने त्याच्याशी संपर्क साधला, दोघांनी मिळून कोड मुक्त स्रोत म्हणून खुला केला आणि ॲप व सेलेनियम यांची सांगड घालून नाव ठेवलं ॲपियम. २०१३ पासून सॉस लॅब्स या कंपनीने त्यासाठी माणसं दिली, कोड नोड जेएसमध्ये नव्याने लिहिला गेला, अँड्रॉइडही सामील झालं, आणि मे २०१४ मध्ये आवृत्ती १.० आली. आज हा प्रकल्प एका कंपनीच्या मालकीचा नाही. तो ओपनजेएस फाउंडेशन या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली चालतो. २०२३ मधल्या २.० आवृत्तीत त्याची रचना बदलली: मधला गाभा लहान ठेवला, आणि प्रत्येक प्रकारच्या यंत्रासाठी वेगळा ड्रायव्हर हवा तसा जोडायची सोय झाली.

सुरुवातीपासून ॲपियमने काही पथ्यं पाळली आहेत. चाचणीसाठी ॲपमध्ये वेगळा कोड घुसवायचा नाही. जी फाईल लोकांच्या फोनमध्ये जाणार, तीच तपासायची. चाचणी कुठल्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहायची ते लिहिणाऱ्याने ठरवायचं. आणि जे आधीच कुणी चांगलं केलं आहे, ते पुन्हा नव्याने करत बसायचं नाही.

एका टिचकीचा प्रवास

आता एक आज्ञा कशी प्रवास करते ते बघू. चाचणी पायथनमध्ये लिहिली आहे असं धरू.

१. चाचणी म्हणते, ‘पैसे भरा’ नावाची वस्तू शोध. हे वाक्य एका साध्या वेब विनंतीच्या रूपात ॲपियम सर्व्हरकडे जातं. हा सर्व्हर बहुधा तुमच्याच संगणकावर, ४७२३ क्रमांकाच्या पोर्टवर चालू असतो. विनंतीचा नमुना वेबड्रायव्हर या नियमावलीप्रमाणे असतो. २०१८ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेने ही नियमावली अधिकृत केली.

२. सर्व्हर ती विनंती योग्य ड्रायव्हरकडे देतो. अँड्रॉइडसाठी यूआय ऑटोमेटर २, आयफोनसाठी एक्ससीयूआय टेस्ट. ड्रायव्हरने फोनवर आधीच एक मदतनीस प्रोग्रॅम बसवलेला असतो.

३. मदतनीस सुगम्यतेचं झाड मागवतो, त्यात ते नाव शोधतो आणि सापडलेल्या वस्तूसाठी एक तात्पुरता क्रमांक परत पाठवतो. दवाखान्यात नंबराचं टोकन देतात तसंच हे.

४. चाचणी म्हणते, या टोकनाची वस्तू दाब. मदतनीस तिचा चौकोन बघतो आणि मध्य काढतो. आपल्या उदाहरणात (८४ + ९९६) ÷ २ = ५४० आणि (१,२०० + १,३४४) ÷ २ = १,२७२. तिथे आधी ‘बोट टेकलं’ आणि मग ‘बोट उचललं’ अशा दोन घटना पाठवल्या जातात.

५. चाचणी विचारते, ‘पावती’ नावाचं काही आता झाडात आहे का? असेल तर हिरवी खूण, नसेल तर लाल.

पहिल्या मार्गातले ५४० आणि १,२७२ हेच आकडे इथे पुन्हा आले. फरक एवढाच की ते आता पाठ केलेले नाहीत. दर वेळी ताजे विचारून घेतलेले आहेत. फोन बदलला तर आकडे बदलतील आणि चाचणीला त्याचा पत्ताही लागणार नाही.

नाव कोणतं द्यायचं?

सगळी मदार नावावर आहे, तेव्हा नाव निवडताना विचार करायला हवा. नवशिके बहुधा दिसणाऱ्या मजकुरावरून वस्तू शोधतात. ॲपची भाषा मराठीवरून हिंदी केली की ‘पैसे भरा’ नाहीसं होतं आणि चाचणी पडते. काही जण ‘तिसऱ्या फांदीतलं दुसरं पान’ असा पत्ता देतात. मध्ये एखादी नवी ओळ आली की हाही पत्ता चुकतो. भरवशाचा मार्ग म्हणजे ॲप लिहिणाऱ्याने प्रत्येक महत्त्वाच्या वस्तूला एक न बदलणारी अंतर्गत ओळख देणं.

इथे मराठीची एक खास गोष्ट सांगायला हवी. जगातल्या भाषांचे अंक, तारखा, महिन्यांची नावं यांचा सीएलडीआर नावाचा एक सामायिक साठा युनिकोड कन्सोर्टियम सांभाळतो. त्यात मराठीचे मूळ अंक देवनागरी आहेत. हिंदीचे मात्र इंग्रजी वळणाचे. त्यामुळे अँड्रॉइड फोनची भाषा मराठी ठेवली आणि ॲपने रक्कम छापायला नेहमीचं फंक्शन वापरलं, तर ‘४५०’ असं देवनागरीत उमटू शकतं. पडद्यावर ते छानच दिसतं. पण ॲप लिहिणाऱ्याने तेच फंक्शन सर्व्हरला रक्कम पाठवायलाही वापरलं असेल, तर सर्व्हरकडे देवनागरी अंक जातात, आणि त्याला ते समजले नाहीत की व्यवहार अडतो. ही चूक इंग्रजीत कधीच दिसणार नाही, हिंदीतही नाही. ॲपियमचं सत्र सुरू करताना फोनची भाषा आणि प्रदेश ठरवता येतो, म्हणून तीच चाचणी मराठी फोनवर चालवणं हा केवळ एका ओळीचा बदल आहे. तो केला नाही, तर ती चूक पहिल्यांदा सापडते फोन मराठीत ठेवणाऱ्या एखाद्या आजोबांना.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. अँड्रॉइडवर एखाद्या वस्तूला दोन प्रकारची नावं देता येतात: एक अंतर्गत ओळख आणि एक वर्णन. टॉकबॅक जे मोठ्याने वाचतं ते वर्णन. ॲपियमला दोन्ही दिसतात. घाईत असलेला प्रोग्रॅमर चाचणी पास व्हावी म्हणून वर्णनाच्या जागी ‘बीटीएन अंडरस्कोर डिलीट अंडरस्कोर २’ असलं काहीतरी भरून टाकतो. चाचणी हिरवी होते. आणि दृष्टिहीन माणसाच्या कानात, यादीतला तांदूळ काढून टाकायच्या क्षणी, ती निरर्थक अक्षरं पडतात. आयफोनवरही अशाच दोन जागा आहेत: एक व्हॉइसओव्हर वाचतं, दुसरी वाचत नाही. नियम साधा आहे. यंत्रासाठीचं नाव अंतर्गत ओळखीत ठेवायचं, आणि वर्णनाच्या जागी माणसाला कळेल असं, त्याच्या भाषेतलं वाक्य लिहायचं: ‘तांदूळ यादीतून काढा’. जी वाट माणसांसाठी बांधली, तिच्यावर यंत्राने आपलं सामान टाकू नये.

लहरी चाचण्या

पडद्यावरच्या चाचण्यांचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे लहरीपणा. कोड तोच, फोन तोच, तरी चाचणी सकाळी हिरवी आणि दुपारी लाल. कारण बहुधा वेळेचं असतं. ‘पैसे भरा’ दाबल्यावर पावती यायला कधी १ सेकंद लागतो, कधी ४. यंत्राला धीर नसतो; ते लगेच बघतं, पावती दिसत नाही, आणि ते लाल खूण देऊन मोकळं होतं.

यावरचा सोपा पण वाईट उपाय म्हणजे प्रत्येक ठिकाणी डोळे झाकून ५ सेकंद थांबणं. २०० चाचण्या आणि प्रत्येकीत असे ४ थांबे असतील तर ४,००० सेकंद, म्हणजे तासाहून जास्त वेळ, नुसता थांबण्यात जातो. आणि एखादे दिवशी नेटवर्कला ६ सेकंद लागले तर चाचणी पडतेच. चांगला उपाय म्हणजे अटीवर थांबणं: दर अर्ध्या सेकंदाला बघ, पावती आली की लगेच पुढे जा, १० सेकंदांत आलीच नाही तर लाल खूण दे. गूगलच्या एस्प्रेसो या साधनाची पद्धत वेगळी आहे. ते ॲपच्या आतच राहतं आणि ॲपच्या मुख्य धाग्यावरची कामं संपेपर्यंत आपणहून थांबतं. त्यामुळे ते जास्त स्थिर असतं, पण ते फक्त अँड्रॉइडपुरतं आहे, आणि चाचणी ॲपच्या कोडबरोबरच बांधावी लागते.

थोड्याशा लहरीपणाने काय बिघडतं, असं वाटेल. गणित करून बघू. समजा प्रत्येक चाचणी ९९.५ टक्के वेळा योग्य वागते. एकेकटी बघितली तर उत्तमच. पण अशा २०० चाचण्या एकत्र चालवल्या, तर सगळ्या हिरव्या येण्याची शक्यता ०.९९५ चा २०० वा घात, म्हणजे सुमारे ०.३७. ॲपमध्ये एकही चूक नसताना दर १० पैकी ६ वेळा कुठेतरी लाल खूण दिसणार! हे मोठ्या कंपन्यांनाही सुटलेलं नाही. गूगलने २०१६ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्याकडच्या सुमारे १६ टक्के चाचण्यांत काही ना काही लहरीपणा आढळतो. खरा धोका त्यानंतरचा आहे. ‘लांडगा आला रे आला’ रोज ऐकू आलं की माणसं लाल खुणेकडे लक्ष देणं सोडतात, आणि एक दिवस लांडगा खरंच येतो. म्हणून अनुभवी लोक बहुतेक चाचण्या कोडच्या आतल्या पातळीवर ठेवतात, आणि पडद्यावरून करायच्या चाचण्या मोजक्या, महत्त्वाच्या वाटांपुरत्याच लिहितात.

हिरवी खूण काय सांगत नाही

१९६९ मध्ये रोम इथल्या परिषदेत संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी एक मुद्दा मांडला होता, तो अजून जुना झालेला नाही: चाचणीने चुका असल्याचं दाखवता येतं, नसल्याचं नाही.

ॲपियमच्या बाबतीत याचा अर्थ अगदी नेमका सांगता येतो. ते झाड वाचतं, रंग बघत नाही. पांढऱ्यावर पांढरी अक्षरं असतील तरी झाडात मजकूर पूर्ण असतो, आणि खूण हिरवी येते. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या चौकोनात ‘काढून टाका’ लिहिलं आणि ‘ढू’चा उकार खाली कापला गेला, तरी झाडात तो शाबूतच असतो. हे सापडायला स्क्रीनच्या चित्रांची तुलना करणारी वेगळी चाचणी लागते, किंवा मराठी वाचणारा माणूस.

उलट बाजूनेही तीच गोष्ट. जे झाडात नाही ते ॲपियमला सहज सापडत नाही. बरेचसे खेळ सगळं चित्र एकाच कॅनव्हासवर रंगवतात. त्यांचं झाड म्हणजे एकच मोठं पान. तिथे यंत्र अडतं, आणि टॉकबॅक वापरणारा माणूसही तिथेच अडतो. म्हणून ‘या पडद्याची चाचणी लिहिता येत नाही’ अशी तक्रार आली, की ती फक्त यंत्राची अडचण आहे असं समजू नये. तोच पडदा दृष्टिहीन माणसालाही बंद असण्याची दाट शक्यता आहे.

करून बघा

यासाठी प्रोग्रॅमिंग यायला हवं असं नाही. अँड्रॉइड फोन असेल तर सेटिंग्जमधल्या सुगम्यतेच्या विभागात जाऊन टॉकबॅक सुरू करा, आयफोनवर व्हॉइसओव्हर. आधी ते बंद कसं करायचं ते वाचून ठेवा, कारण हातवारे बदलतात: एकदा टिचकी मारली की नाव ऐकू येतं, दोनदा मारली की बटण दाबलं जातं. आता रोज वापरता असं एखादं ॲप उघडा, डोळे मिटा आणि एक काम पूर्ण करून बघा. बिल भरणं नको, साधा निरोप पाठवणं पुरे.

करताना एका कागदावर तीन रकाने ठेवा. नाव नीट ऐकू आलेली बटणं किती, नाव असूनही अर्थ न कळलेली किती, आणि नावच नसलेली किती. पहिल्या रकान्यातली बटणं ॲपियमलाही नावाने सापडतील. दुसऱ्या रकान्यात कदाचित एखाद्या घाईतल्या प्रोग्रॅमरची नावं भेटतील. तिसऱ्या रकान्यात आपला तो बिननावाचा कचऱ्याचा डबा असेल. त्याबद्दल ॲप बनवणाऱ्यांना दोन ओळी लिहून पाठवा. दुरुस्ती बहुधा एका ओळीची असते.